फत्तेपूर सिक्री : एका दिवसाची सहल आणि इतिहासाचा धडा

आपल्या शाळा-महाविद्यालयांतून दरवर्षी सहली निघतात. उत्तरेकडे जाणारी सहल असली की दिल्ली आणि आग्रा ही दोन गावे त्यात हमखास असतात, आणि आग्र्याच्या मुक्कामातला एक दिवस फत्तेपूर सिक्रीसाठी राखून ठेवलेला असतो. सकाळी बस निघते, सदतीस-अडतीस किलोमीटरचा रस्ता तासाभरात संपतो आणि बसमधून पाय खाली ठेवतो न ठेवतो तोच गाईड पुढे येतो. दोन-अडीच तासांत तो सारे शहर फिरवतो. कुठे बादशहा सोंगट्यांऐवजी दासी उभ्या करून पचिशी खेळे, कुठे तो राण्यांशी आंधळी कोशिंबीर खेळे, कुठे तानसेनाने गाऊन दिवे पेटवले, अशा गोष्टी एकामागून एक सांगतो. मुले खूश होतात, छायाचित्रे काढली जातात आणि संध्याकाळी बस परतीला लागते.

वाचकहो, आपण पालक असाल, शिक्षक असाल किंवा अशा सहलीला निघालेले विद्यार्थी असाल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. गाईडला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. तो आपल्या पोटासाठी प्रामाणिकपणे मेहनत करतो आणि त्याच्या वाडवडिलांकडून आलेल्या गोष्टी सांगतो. परंतु गाईडने सांगितलेली गोष्ट ही एक बाब, आणि तिथल्या दगडांनी व त्या काळच्या लेखकांनी दिलेली साक्ष ही दुसरी बाब. या दोहोंतला फरक ओळखायला शिकणे म्हणजेच इतिहास शिकणे होय. हा धडा एका दिवसात देऊ शकेल अशी फत्तेपूर सिक्रीसारखी जागा हिंदुस्थानात क्वचितच सापडेल.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. सिक्री हे लाल दगडाच्या एका लांबट टेकडीवरचे जुने गाव. तेथे हजरत शेख सलीम चिश्ती यांचे वास्तव्य होते. बादशहा अकबराला मुले होत, पण जगत नसत. तो शेखसाहेबांकडे दुवा मागायला येई. १५६९ च्या ऑगस्ट महिन्यात त्याच्या राणीला सिक्री येथेच मुलगा झाला. शेखसाहेबांच्या नावावरून त्याचे नाव सलीम ठेवले गेले. हाच पुढे जहांगीर बादशहा झाला. १५७१ साली अकबराने येथे नवे शहर वसवायला सुरुवात केली. १५७२-७३ मध्ये गुजरात जिंकल्यावर त्याला फत्तेपूर, म्हणजे विजयाचे नगर, हे नाव मिळाले. तीन बाजूंनी तट आणि चौथ्या बाजूला बांध घालून अडवलेला मोठा तलाव अशी त्याची रचना होती. दगड त्याच टेकडीतला. गुजरात आणि राजस्थानात चालत आलेली खांब, तुळया आणि घोड्यांची बांधणी येथे मशिदीच्या घुमट-कमानींशेजारी नांदताना दिसते. १५८५ च्या सुमारास येथे आलेला राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी लिहून गेला आहे की आग्रा आणि फत्तेपूर ही दोन्ही शहरे लंडनपेक्षा कितीतरी मोठी होती आणि दोहोंमधल्या रस्त्यावर जणू अखंड बाजारच भरलेला असे.

आता गाईडच्या मागोमाग आत जाऊ या. दिवाण-इ-आमच्या चौकातून पुढे गेले की दिवाण-इ-खास या नावाने दाखवली जाणारी चौकोनी इमारत लागते. बाहेरून ती दुमजली वाटते. आत पाऊल टाकले की कळते, वरपर्यंत एकच उंच दालन आहे. मधोमध एक कोरीव खांब, त्याच्या माथ्याला छत्तीस घोड्यांचा झुबका, त्यावर एक गोल बैठक आणि तेथून चार कोपऱ्यांकडे गेलेले चार अरुंद दगडी पूल. गाईड सांगेल की बादशहा मध्ये बसे आणि मंत्री कोपऱ्यांत. कोणी सांगेल की हाच इबादतखाना. विद्वानांतही या इमारतीच्या उपयोगाविषयी मतभेद आहेत. ते जडजवाहीर ठेवण्याचे ठिकाण असावे, असेही एक मत आहे. आपण मुलांना एवढेच विचारावे : या पुलावरून किती माणसे एका वेळी जाऊ शकतील? वर बसलेल्याचे बोलणे खाली ऐकू येईल का? उत्तर चुकले तरी चालेल. मूल खांबाकडे पाहू लागले म्हणजे काम झाले.

जवळच ‘आंख मिचौली’ नावाची इमारत आहे. येथे बादशहा लपंडाव खेळे, असे सांगतात. तिच्या आतल्या दगडी घोड्यांकडे मान वर करून पाहा. त्यांवर मगरीसारख्या तोंडाचे जलचर कोरले आहेत. हे मकर म्हणजे आपल्याकडच्या जुन्या समजुतीप्रमाणे खजिन्याचे राखणदार. भिंती जाड आहेत. म्हणून अभ्यासक ही इमारत खजिन्याची मानतात. लपंडावाची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण इमारत स्वतःच वेगळी साक्ष देते.

पुढे पंचमहाल. पाच मजले, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा लहान, तळाला ८४ खांब आणि सर्वांत वर चार खांबांची एकच छत्री. सारे मिळून १७६ खांब. भिंती जवळजवळ नाहीत. उन्हाळ्यात वारा खायला बांधलेली ही जागा आहे, हे तेथे उभे राहिल्यावर कोणी सांगावे लागत नाही.

खरी गंमत राणीवशात आहे. सर्वांत मोठ्या वाड्याला ‘जोधाबाईचा महाल’ म्हणतात. अकबराच्या ज्या राणीच्या पोटी सलीम जन्मला, ती आंबेरच्या राजा भारमलाची मुलगी. १५६२ साली तिचे लग्न झाले आणि पुढे तिला मरियम-उझ्-झमानी हा किताब मिळाला. अकबरनामा, ऐन-इ-अकबरी आणि जहांगीरचे आत्मवृत्त, या तिन्हींत अकबराची राणी म्हणून जोधाबाई हे नाव येत नाही. जोधपूरची राजकन्या होती ती जहांगीरची राणी, शाहजहानची आई. सुनेचे नाव सासूला चिकटले आणि पुढे पुस्तकांनी, नाटकांनी व सिनेमांनी ते पक्के करून टाकले.

‘मरियमच्या घरा’ची कथा याहून बोधप्रद आहे. ही अकबराची गोव्याहून आलेली ख्रिस्ती राणी, असे गाईड सांगतो. मरियम हे नाव ऐकले की ख्रिस्ती बाई डोळ्यांपुढे येणे स्वाभाविक आहे. पण हजरत ईसांच्या मातोश्री बीबी मरियम यांचे स्थान इस्लाममध्ये किती आदराचे आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. कुराणशरीफात त्यांच्या नावाची सूराच आहे. मोगल घराण्यातल्या थोर स्त्रियांना हे नाव किताब म्हणून देत. अकबराची आई हमीदाबानू बेगम हिचा किताब मरियम मकानी होता. शिवाय गोव्याचे पाद्री १५८० पासून याच शहरात दरबारी राहिले. बादशहाच्या महालात त्यांच्या धर्माची राणी असती, तर त्यांनी आपल्या पत्रांतून ती बातमी आनंदाने कळवली नसती का? त्यांच्या लिखाणात तिचा उल्लेख नाही. ‘बिरबलाचे घर’ तर राणीवशाच्या हद्दीत आहे. बादशहाच्या जनान्यात एखाद्या उमरावाने, मग तो कितीही लाडका असो, घर करून राहावे हे त्या काळच्या रीतीत बसत नाही. दारावरची पाटी वाचून पुढे जाणाऱ्याला हे प्रश्न पडत नाहीत. घराची जागा पाहणाऱ्याला पडतात.

आता अशा जागेकडे वळू, जी सहलीत बहुधा दाखवलीच जात नाही : इबादतखाना. १५७५ साली अकबराने तो बांधला. शेख अब्दुल्ला नियाझी यांच्या जुन्या हुजऱ्याच्या जागी चारही बाजूंना प्रशस्त दालने काढली, असे वर्णन अब्दुल कादिर बदायुनी याने केले आहे. गुरुवारी रात्री तेथे चर्चा चाले. आरंभी केवळ मुसलमान विद्वानांना प्रवेश होता. पहिल्याच बैठकांत कोणी कुठे बसावे यावरून वाद झाला, तेव्हा उमराव पूर्वेला, सय्यद पश्चिमेला, उलेमा दक्षिणेला आणि सूफी शेख उत्तरेला अशी व्यवस्था लावावी लागली. पुढे १५७८ पासून हिंदू पंडित, जैन मुनी, पारशी दस्तूर आणि ख्रिस्ती पाद्री यांनाही दार उघडले. नवसारीहून दस्तूर मेहेरजी राणा आले. गुजरातेतून हीरविजय सूरी आले. अकबराने गोव्याला माणूस पाठवून पाद्री मागवले, तेव्हा रुडॉल्फ आक्वाव्हिवा, अँटोनिओ मोन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिक हे तिघे १५७९ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याहून निघाले व १५८० च्या फेब्रुवारीअखेर फत्तेपुरास पोहोचले. त्यांनी अनेक भाषांत छापलेले बायबल बादशहाला भेट दिले.

आपल्या दख्खनचाही या शहराशी असाच विद्येचा संबंध आला. मीर फतहुल्ला शिराझी हा गणित, ज्योतिष आणि यंत्रविद्या यांत निष्णात असलेला विद्वान विजापूरच्या आदिलशाही दरबारात होता. १५८३ मध्ये तो फत्तेपुरास गेला. अकबराचे इलाही पंचांग त्याच्याच हिशेबावर १५८४ मध्ये सुरू झाले. मदरशांतून तर्क, गणित अशा विषयांचा अभ्यास वाढवण्यातही त्याचा मोठा हात होता.

या साऱ्याविषयी आपल्याला जी माहिती आहे ती मुख्यतः दोन माणसांनी दिली. अबुल फजल आणि बदायुनी हे दोघेही १५७४ साली दरबारात आले. एकाच्या लेखी अकबर हा आदर्श राजा. दुसऱ्याला त्याची धर्माविषयीची मते मुळीच पसंत नव्हती. त्याने आपला इतिहास गुपचूप लिहिला आणि अकबर हयात असेपर्यंत तो बाहेर आला नाही. एकाच घटनेचे दोन साक्षीदार, दोघेही डोळस, दोघांचीही मते ठाम. जो केवळ अबुल फजल वाचील त्याचा अकबर देवमाणूस होईल. जो केवळ बदायुनी वाचील त्याचा अकबर धर्मभ्रष्ट ठरेल. दोघांची साक्ष शेजारी ठेवून, गोव्याच्या पाद्रींचे लिखाण तिसरे म्हणून घेऊन जो विचार करील, त्यालाच अकबर नावाचा माणूस थोडाफार दिसेल.

इबादतखान्याची नेमकी जागा कोणती, हा वाद बरेच दिवस चालला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने येथे उत्खनन केले, तेव्हा जामी मशिदीच्या बाजूस सापडलेला एक पायऱ्या-पायऱ्यांचा चौथरा तो असावा असे मत मांडले गेले. ज्या जागेने एवढी कीर्ती मिळवली तिचे आज एवढेच उरले आहे, आणि पचिशीचा पट मात्र प्रत्येक प्रवाशाला दाखवला जातो.

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत आणखी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. अकबराला लिहिता-वाचता येत नव्हते, असे मानले जाते. पण रोज त्याला ग्रंथ वाचून दाखवले जात आणि वाचन जेथे थांबे तेथे तो स्वतः खूण करी, असे अबुल फजल सांगतो. याच शहरात भाषांतराचे कार्यालय चाले. १५८२ साली महाभारताचे फारसी भाषांतर करण्याचा हुकूम निघाला. पंडित अर्थ सांगत, नकीब खान व इतर विद्वान फारसीत उतरवत. या कामावर बदायुनीलाही बसवले होते आणि ते त्याने नाखुशीने केले. त्या ग्रंथाला रझ्मनामा हे नाव मिळाले. मुलांना आधी अक्षरांची ओळख, मग जोडाक्षरे, मग अर्थपूर्ण वाक्ये शिकवावी आणि शिक्षकाने हळूहळू हात काढून घ्यावा, असा अध्यापनाचा क्रमही ऐन-इ-अकबरीत दिला आहे.

दुसरी गोष्ट गुंगमहालाची. माणसाची मूळ भाषा कोणती, हे पाहण्यासाठी अकबराने काही तान्ह्या बालकांना वस्तीपासून दूर एका घरात ठेवले. त्यांच्यासमोर कोणी शब्दही उच्चारायचा नाही अशी दायांना सक्त ताकीद होती. काही वर्षांनी पाहिले तर त्यांतले एकही मूल बोलत नव्हते. मुकेपणाचे हावभाव आणि आवाज, एवढेच त्यांच्यापाशी होते. आजच्या दृष्टीने हा प्रयोग क्रूरच म्हटला पाहिजे. पण त्यातून जे दिसले ते आपल्याला जवळून लागू पडते. ज्या मुलाच्या कानावर शब्द पडत नाही त्याला वाचा फुटत नाही, आणि ज्या घरात, ज्या वस्तीत पुस्तकाचा आणि प्रश्नाचा आवाज नाही, तेथली मुले मोठी होऊनही एका अर्थाने मुकीच राहतात.

आता गाईडचे शेवटचे आणि सर्वांत प्रसिद्ध विधान. “पाणी संपले म्हणून बादशहा शहर सोडून गेला.” हे वाक्य पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. ते तपासून पाहू. १५२७ मध्ये राणा संगाशी खानुआची लढाई देण्यापूर्वी बाबराने तळासाठी सिक्री निवडली ती तेथील मुबलक पाण्यासाठी. हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. १५८२ साली तलावाचा बांध फुटला हे खरे, तेव्हा पाण्याची अडचण कधीच आली नसेल असे नाही. पण त्यानंतरही तीन वर्षे दरबार येथेच होता. पुढे १६१९ मध्ये आग्र्यात प्लेगची साथ होती म्हणून जहांगीर काही महिने फत्तेपुरात राहिला. त्याने तलावाचा घेर मोजवला तो सात कोस भरला. म्हणजे अकबर गेल्यानंतर चौतीस वर्षांनीही तलाव जागेवर होता.

मग अकबर का गेला? १५८५ च्या जुलैमध्ये त्याचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम काबूलमध्ये वारला. वायव्येकडे अब्दुल्ला खान उझबेग बळावला होता. सरहद्द उघडी पडू नये म्हणून अकबर त्याच वर्षी पंजाबकडे निघाला आणि १५९८ पर्यंत लाहोरला राहिला. त्या काळात काश्मीर, सिंध आणि कंदाहार त्याच्या राज्यात आले. दरबार गेला तसे उमराव गेले, उमरावांमागे कारखाने आणि व्यापारी गेले. राजाच्या खर्चावर जगणारे शहर राजा हलताच ओस पडले. पाण्याची गोष्ट एका वाक्यात सांगता येते म्हणून टिकली. खरे कारण सांगायला नकाशा उघडावा लागतो.

महालांचा भाग संपला की गाईड जामी मशिदीत नेतो. विस्तीर्ण सहनात शेख सलीम चिश्तींचा संगमरवरी दर्गा आहे. त्याच्या जाळ्यांना दोरे बांधून सर्व धर्मांची माणसे मन्नत मागतात. दर्ग्याच्या छज्जाला आधार देणाऱ्या नागमोडी घोड्या नीट पाहून ठेवा. मग मशिदीच्या मागच्या बाजूला असलेली छोटी संगतराश मशीद पाहायला जा. शहर वसण्यापूर्वी दगडफोड्या कारागिरांनी ती शेखसाहेबांसाठी बांधली, असे परंपरा सांगते. तसल्याच नागमोडी घोड्या तेथे साध्या लाल दगडात आहेत. गरीब कारागिरांनी जे आधी केले तेच पुढे बादशाही संगमरवरात उतरले. सहलीच्या वेळापत्रकात ही मशीद बहुधा नसते. मागून घ्यावी.

शेवटी बुलंद दरवाजा. पायऱ्यांसकट त्याची उंची सुमारे ५४ मीटर आहे. गुजरातच्या विजयाचे स्मारक म्हणून तो सांगितला जातो. परंतु त्यावर जो लेख कोरला आहे तो १६०१ सालचा आहे आणि त्यात दख्खन व खानदेश जिंकून बादशहा फत्तेपुरास आल्याची नोंद आहे. आदल्या वर्षी अहमदनगरचा किल्ला पडला होता आणि त्याच वर्षी अशीरगड हाती आला होता. खानदेशाला शहजादा दानियालच्या नावावरून दांदेश हे नाव दिले गेले. तेही या लेखात आहे. जळगाव-धुळ्याकडून सहलीला गेलेल्या मुलाला आपल्या मुलखाचे नाव त्या उंच दगडावर आहे हे कळले, तर त्याला केवढे नवल वाटेल! याच दरवाजावर जगाच्या क्षणभंगुरतेविषयी हजरत ईसांचे म्हणून एक वचनही कोरलेले आहे. विजयाची नोंद आणि जगाच्या नश्वरतेची आठवण एकाच दारावर आहे, आणि ते दार अशा शहराचे आहे की जे तेव्हाच ओस पडू लागले होते.

वाचकहो, हे सारे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. मुसलमानांच्या इतिहासाविषयी आज दोन्ही बाजूंनी मोठमोठ्याने बोलले जाते. कोणी प्रत्येक इमारतीला आपला वैभवकाळ म्हणून कवटाळतो, कोणी प्रत्येक इमारतीवर आरोपपत्र चिकटवतो. आपली मुले या दोन्ही आवाजांच्या मध्ये उभी आहेत. त्यांना अभिमानाच्या गोष्टी शिकवून भागणार नाही, कारण तशी गोष्ट पहिल्याच प्रश्नाला ढासळते. आरोप ऐकून मान खाली घालायला शिकवणे तर त्याहून वाईट. त्यांना एकच प्रश्न शिकवावा : “हे तुम्हांला कशावरून कळले?” हा प्रश्न त्यांनी गाईडला अदबीने विचारावा, पुस्तकाला विचारावा आणि आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही विचारावा.

म्हणून शिक्षकबंधु-भगिनींना एक विनंती. पुढच्या वेळी सहल फत्तेपूर सिक्रीला नेताना आधी दोन तास वर्गात द्या. शहराचा नकाशा फळ्यावर काढा. मुलांचे चार गट करा आणि प्रत्येक गटाला एक इमारत वाटून द्या. गाईडने काय सांगितले ते वहीच्या डाव्या पानावर आणि स्वतःच्या डोळ्यांनी काय दिसले ते उजव्या पानावर लिहायला सांगा. परत आल्यावर दोन्ही पाने वर्गात वाचून दाखवा. जिथे ती जुळत नाहीत तिथे ग्रंथालयाची वाट दाखवा. यासाठी ना वेगळा खर्च लागतो ना वेगळी परवानगी.

इबादतखान्याच्या भिंती राहिल्या नाहीत. पण निरनिराळ्या मतांची माणसे समोरासमोर बसवून, प्रत्येकाला आपल्या म्हणण्याचा आधार मागण्याची तिथली रीत आपल्या वर्गांतून पुन्हा सुरू करता येईल. आपल्या संस्थेच्या प्रत्येक शाळेत असा एक तास रोज भरो, हीच अल्लाहपाशी दुवा.